पावसाळ्यात डब्यातल्या धान्याला बुरशी: मुंबईत दरवर्षी हेच का होतं आणि करायचं काय

जुलै मध्यावर आला की जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी मला तोच प्रश्न विचारला जातो. ज्वारीला कुबट वास येतोय, कोठी उघडली तर वरचा थर गोळा झालाय, गव्हावर हिरवट भुकटी दिसतेय. आता धुऊन, वाळवून, दळून आणलं तर चालेल ना? धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी असल्याचा हा तोटा. तेव्हा यंदा सगळं एकदाच लिहून टाकते.

थेट उत्तर द्यायचं तर, नाही चालणार. धुतल्याने वरची भुकटी जाते, वास जरा कमी होतो आणि मनाचं समाधान होतं. बुरशीने दाण्याच्या आत सोडलेलं विष मात्र तिथेच राहतं. तव्यावर भाजून किंवा कुकरच्या शिट्या काढून ते संपत नाही. या विषांपैकी सगळ्यात बदनाम ते अफलाटॉक्सिन. ते मोडायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. भाकरीचा पापुद्रा करपला तरी आतला ओलसर भाग शंभर अंशांच्या आसपासच असतो.

आधी खात्री करा की ही बुरशीच आहे

निम्म्या तक्रारी बुरशीच्या नसतातच. बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू झालं, तर ते बहुतेक वेळा खवट झालेलं असतं. बाजरीत स्निग्धांश जास्त आणि दळल्याबरोबर त्याचं विघटन सुरू होतं. उपाय एकच: दळण थोडं थोडं आणायचं आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवायचं. रव्या-मैद्यात जाळी दिसली तर ते पतंगाच्या अळ्यांचं काम. पोरकिडे झाले असतील तर ते दिसतातच.

पण किडे आणि बुरशी हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं समजून स्वस्थ बसू नका. पोरकिडे दाणा पोखरतात, त्यामुळे बुरशीला आत शिरायला वाट मिळते. शिवाय ते श्वास घेतात, त्यातून ऊब आणि वाफ निर्माण होते. कोठीत मधोमध कोपरापर्यंत हात घालून बघा. एखाद्या जागी धान्य कोमट लागलं तर तिथे किड्यांचा घोळका आहे आणि थोड्याच दिवसांत त्या जागी बुरशी धरणार, हे नक्की.

कुठे धरली आहे ते बघा

याकडे लोक लक्ष देत नाहीत. सगळं धान्य परातीत ओतून मोकळे होतात आणि मग मला फोटो पाठवतात. ओतण्याआधी बघा: वरून खराब झालंय, तळातून, भिंतीच्या बाजूने की मधूनच? कारण जवळजवळ नेहमी त्या जागेतच असतं.

तळ चिकटलाय, वर सगळं ठीक आहे: पोतं किंवा पत्र्याचा डबा थेट लादीवर टेकलाय. तळमजल्यावर आणि जुन्या चाळींमध्ये पावसाळ्यात लादीला घाम येतो, तो पोत्याने शोषला. खाली पाट किंवा लाकडी फळ्या घाला आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा.

एका बाजूनेच खराब: भिंतीला ओल आहे. ओल गेल्याशिवाय तिथे धान्य ठेवू नका.

वरचे दोन-तीन बोटं धान्य गोळा झालंय, खाली सगळं सुटं आणि कोरडं: हा सगळ्यात फसवा प्रकार. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे दरवर्षी हेच. माहेर सांगलीकडचं, ज्वारी तिकडून येते, उत्तम असते. मे महिन्यात गच्चीवर चादर अंथरून त्या तिला दोन दिवस कडक ऊन देतात. "अगं, हात लावला तर चटका बसत होता, इतकी वाळली होती," काकू म्हणाल्या. मी विचारलं, "आणि भरली कधी?" तर म्हणे, "लगेच. गार झाली की हवा धरते ना!" इथेच घोळ झाला. तापलेलं धान्य कोठीत भरून झाकण लावलं की आतल्या ऊबेने दाण्यातला ओलावा वाफ होऊन वर येतो. संध्याकाळी पत्रा गार होतो, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि वरच्या थरावर टपकतात. झाकण काढून आतून बोट फिरवलं तर गंजाची गोल रेघ लागली, म्हणजे हे एका वर्षाचं नव्हतं. ऊन दिल्यावर धान्य सावलीत, घरात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि त्याच संध्याकाळी भरायचं. रात्रभर उघडं ठेवायचं नाही, कारण मुंबईची रात्रीची हवा मे महिन्यातही दमट असते. इथवर काकूंचं म्हणणं बरोबरच होतं.

गिरणीतून आलेल्या गरम पिठाचंही तेच होतं. घरी आल्यावर डबा उघडा ठेवा, पीठ गार झालं की झाकण लावा.

आणि मधूनच, जागोजागी खराब असेल तर धान्य मुळातच पुरेसं वाळलेलं नव्हतं. मग दोष तुमच्या डब्याचा नाही.

मुंबईची हवा काय करते

दाणा हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत असतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर ज्वारी, गहू साधारण १३ टक्के ओलाव्याला स्थिर होतात. या मर्यादेपर्यंत बुरशीला वाढायला पाणी मिळत नाही. आर्द्रता ८५ टक्के झाली की तेच धान्य हळूहळू १७-१८ टक्क्यांकडे सरकतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत आर्द्रता ८० च्या वर असणं हीच रोजची गोष्ट. अफलाटॉक्सिन तयार करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी २५ ते ३५ अंशांत सगळ्यात खूश असते. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात तिला हवं ते सगळं मिळतं.

सोलापूर-मंगळवेढ्याकडे वर्षाचं धान्य एकदम भरतात ते तिथल्या कोरड्या हवेच्या भरवशावर. ती रीत आपण मुंबईत तशीच आणली, वन-रूम किचनमध्ये गॅसच्या शेजारी कोठी उभी केली, आणि कुकरची वाफ रोज तिच्यावर जाते. माझं मत विचाराल तर मुंबईत वर्षाचं धान्य भरूच नये. जूनच्या आधी फार तर पावसाळ्यापुरतं भरा आणि उरलेलं दिवाळीनंतर घ्या. घाऊक भावात चार पैसे सुटतात हे खरं, पण पाच-सात किलो फेकावी लागली की तो हिशेब उलटा होतो.

घरच्या घरी ओलावा तपासायचा

आमच्याकडे यंत्र आहे, तुमच्याकडे मीठ आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. याच गुणाचा उपयोग करायचा.

दोन चमचे मीठ तव्यावर परतून कोरडं करा आणि गार करा. एक काचेची बाटली स्वच्छ धुऊन अगदी कोरडी करा. तिच्यात एक तृतीयांश धान्य आणि ते मीठ घाला, झाकण घट्ट लावा, मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटून राहिलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त पाणी आहे, ते साठवायचं नाही. मीठ सुटं राहून खाली बसलं तर ओलावा त्याच्या आत आहे. मक्यासाठी ही चाचणी शेतकरी पूर्वीपासून वापरतात, ज्वारी-गव्हालाही चालते.

यापेक्षा बारीक उत्तर हवं असेल तर आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळासारखं यंत्र मिळतं. ते धान्याने भरलेल्या बरणीत टाकून झाकण लावा आणि चार-पाच तासांनी काचेतून आकडा वाचा. ६५ च्या खाली आला तर निर्धास्त. ७० च्या वर गेला तर आजच हालचाल करा.

ऊन नाही, मग वाळवायचं कसं?

घरात एसी असेल तर तो ड्राय मोडवर लावा, खोली बंद करा, जमिनीवर चादर अंथरून धान्य बोटभर जाडीचा थर करून पसरा, वरून पंखा. अधूनमधून हात फिरवायचा. विजेचं बिल येईल, पण पावसाळ्यात याहून भरवशाचा मार्ग नाही. नुसता पंखा लावून बाहेरची दमट हवा फिरवण्यात अर्थ नसतो, त्याने धान्य उलट हवा धरतं. थोडंच धान्य असेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हात लावून चटका बसेपर्यंत परता आणि गार करून भरा. हे सगळं धान्य नुसतं दमट झालं असेल तेव्हाचं. बुरशी दिसल्यावर वाळवलं तर वाढ थांबते, झालेलं विष जात नाही.

भरताना बरण्या काठोकाठ भरा. पेयांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या या कामाला झकास: कोरड्या करा, गळ्यापर्यंत धान्य भरा, झाकण घट्ट. आत हवा कमी राहते, त्यातला ऑक्सिजन संपला की किडे मरतात आणि बाहेरची आर्द्रता आत येत नाही. रोज उघडायचा डबा वेगळा, लहान ठेवा. दहा किलोची कोठी दिवसातून दोनदा उघडली की दिवसातून दोनदा मुंबईची हवा आत गेली.

लोक काय काय घालतात

कडुनिंबाचा पाला, लवंगा, सुक्या मिरच्या यांचा झालाच तर किड्यांवर थोडा परिणाम होतो. बुरशीवर काही नाही, आणि पाला नीट वाळलेला नसेल तर तो स्वतःच ओल आणतो. एरंडेल चोळलेल्या गहू-तांदळाला किडे कमी लागतात, हे खरं. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या टिकड्या खाण्याच्या धान्यात नकोतच. दुकानात 'धान्याच्या गोळ्या' म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. दमट हवेत त्यातून जीवघेणा वायू निघतो. राहत्या खोलीत ती उघडणं म्हणजे कुटुंबाच्या जिवाशी खेळ. तिने किडे मरतात, बुरशीचं विष तसंच राहतं.

किती फेकायचं?

गोळा झालेला भाग आणि त्याच्या आजूबाजूचं पसाभर धान्य सरळ टाकून द्या. काढताना नाकाला रुमाल किंवा मास्क लावा. दमा असणाऱ्याने हे काम करूच नये. उरलेल्या धान्यातून सुपाने पाखडून हलके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे काढा. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, थोड्या दाण्यांत फार असतं, त्यामुळे निवडण्याचा उपयोग होतो. शेंगदाण्यात आणि मक्यात तर चांगलाच होतो. पण वास सगळ्या कोठीला लागला असेल, धान्य गरम झालं असेल किंवा ते आधीच दळून पीठ झालं असेल तर निवडायला काही उरतच नाही. सगळं टाका.

टाका म्हणजे कचऱ्यात टाका. आपल्याकडे फेकायला जीव होत नाही म्हणून लोक ते कबुतरांना घालतात किंवा देवळाबाहेर बांधलेल्या गाईपुढे ठेवतात. पक्ष्यांना अफलाटॉक्सिन माणसापेक्षा लवकर भोवतं. हे विष सापडलंच मुळी १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेल्यामुळे. त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड बुरशीची होती. गाईच्या पोटात गेलेल्या विषाचा काही भाग दिवसाभरात दुधात उतरतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यातल्या ३६८ मध्ये हे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघालं. भेसळीची चर्चा आपण रोज करतो, पेंडीची आणि मक्याची कुणी करत नाही.

पण आमच्या आजीने तर असलंच खाल्लं…

हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. एखाद्या भाकरीने काही होत नाही, मान्य. अफलाटॉक्सिन बहुतेक वेळा वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाऊन यकृतावर काम करतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. ज्यांना कावीळ ब आहे त्यांना धोका कितीतरी पट जास्त. आणि एकदम मोठी मात्रा गेली तर काय होतं तेही आपल्या शेजारी घडून गेलंय. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ लोक आजारी पडले, १०६ दगावले. कावीळ, पोटात पाणी. तेच अन्न खाणारी गावातली कुत्रीही मेली. त्या मक्यात किलोला सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफलाटॉक्सिन होतं. आज आपल्या कायद्यातली धान्याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे तो मका मर्यादेच्या चारशे ते हजार पट होता.

बुरशीचं धान्य खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, चक्कर असं काही झालं किंवा डोळे पिवळे दिसले तर घरगुती काढे करत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि धान्याचा नमुना पिशवीत घालून बरोबर न्या.

खरेदी करतानाच

काळपट ठिपक्यांची ज्वारी स्वस्त मिळते. ती खरिपाची, कणसात असताना पाऊस झोडपून गेलेली. त्या बुरश्या शेतातल्या, तुमच्या घरातल्या नव्हेत. त्यात फ्युजेरियम नावाची बुरशी असते आणि ती फ्युमोनिसिन हे विष बनवू शकते. १९९५ मध्ये दख्खनच्या काही गावांत अशाच भिजलेल्या ज्वारी-मक्याने लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. रब्बीची मालदांडी कोरड्या हवेत पिकते, म्हणून तिच्यावर हे ठिपके नसतात. दोन पैसे जास्त देऊन तीच घ्या.

बाजरीत दाण्यापेक्षा लांबट, काळपट-तपकिरी, टोकदार कण दिसले तर तो अरगट, म्हणजे कणसात वाढणाऱ्या एका विषारी बुरशीचे कठीण गोळे. १९५६-५७ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशा बाजरीने विषबाधेची साथ आली होती. मळमळ, उलट्या, गुंगी. हे कण हलके असतात. बियाण्यासाठी शेतकरी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी ओततात, अरगट वर तरंगतो, तो काढून टाकायचा, खालची बाजरी दोन-तीनदा स्वच्छ धुऊन वाळवायची. खाण्याची बाजरी असली तर मी ती पिशवी दुकानदाराला परत करेन. पावसाळ्यात धुऊन वाळवत कोण बसणार?

मक्यावर गुलाबी-पांढरी बुरशी किंवा गव्हात गुलाबी झाक असलेले खडूसारखे आकसलेले दाणे दिसले तर घेऊच नका. सॉर्टेक्स केलेल्या मालातून रंग बदललेले दाणे यंत्राने उडवलेले असतात, त्यामुळे धोका कमी होतो. पण बंद पिशवीत आलाय म्हणून तो माल तुमच्या डब्यात दमट होणार नाही असं नाही.

शेतकऱ्याकडून थेट घेणाऱ्या गटांनी त्यांना चार गोष्टी विचाराव्यात. काढणी वेळेवर झाली का? दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की ज्वारी, मका पक्व झाला. त्यानंतर पावसात उभा ठेवला तर बुरशी वाढते. मळणीनंतर माल ताडपत्रीवर वाळवला की मातीवर? पोत्यात भरताना ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आला होता का? दाणे भरताना पिकाला पाण्याचा ताण बसला होता का? हा शेवटचा प्रश्न मक्याला आणि भुईमुगाला महत्त्वाचा, कारण ॲस्परजिलस कोरड्या, तापलेल्या शेतात शेंगेत आणि कणसात शिरते. म्हणजे घरात ती ओलीने वाढते आणि शेतात दुष्काळाने. बीजप्रक्रिया, कीड आटोक्यात ठेवणं, वेळेवर एखादं संरक्षक पाणी एवढ्यानेही फरक पडतो. अमेरिकेत आणि आफ्रिकेतल्या काही देशांत विष न बनवणारी त्याच बुरशीची जात शेतात मुद्दाम सोडतात. ती जागा अडवते, विषारी जातीला वाव राहत नाही.

प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर

गटाने दोन-तीन क्विंटल माल एकदम घेतला असेल तर तपासणी परवडते. पण वरच्या पोत्यातलं मूठभर धान्य पिशवीत घालून आणू नका. विषारी दाणे हजारात एखादा असू शकतो. तो मुठीत आला तर सगळा माल वाईट ठरेल, नाही आला तर सगळा चांगला. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये, तळाशी टोकदार नळी खुपसून थोडं थोडं काढा, सगळं एकत्र करून नीट मिसळा आणि त्यातलं किमान दोन किलो द्या. दळलेलं नको, अख्खं द्या, ते आम्ही दळतो. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा कागदी किंवा कापडी पिशवी बरी, आणि त्याच दिवशी पोहोचवा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा आणि 'एकूण अफलाटॉक्सिन' असं लिहून मागा. गहू असेल तर डॉनही (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, फ्युजेरियमचंच एक विष) मागा, त्याची मर्यादा किलोला १००० मायक्रोग्रॅम आहे. अहवाल हातात येईपर्यंत पोती फोडून वाटप करू नका.